पंधरा दाते

आधी लॉकरिंग. तिचे आटे उलटे,
हे योरिंडला मी तिसऱ्यांदा सांगतो.
उजवीकडे फिरवली की ती सुटते.
"मग उजवीकडे घट्ट काय होतं?"
बाकी सगळं.

चाक तिच्या भावाचं, वानेसचं.
सहा हिवाळे तो घेंटभर पाकिटं वाटत हिंडला
एकाच गिअरवर, ज्यात पायांना सुट्टी नसते;
उतारावर तुम्ही थांबलात तरी पायडल थांबत नाही,
ते तुम्हाला घेऊन फिरतं.
आता तो अँटवर्पच्या बंदरात क्रेनमध्ये बसतो.
"बसतो," ती पुन्हा म्हणते, मला ऐकू आलं नसेल म्हणून.

लॉकरिंग निघाली. मागून पांढरा भुगा पडला,
बर्फावर टाकतात ते मीठ.
स्प्रॉकेट जागचं हललं नाही.

साखळीचा चाबूक लावून मी लटकलो.
माझं वजन ब्याण्णव किलो, वर दुपारचं जेवण.
दांडा वाकला.
तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं.
सकाळी तेल मुरलेलं होतं. बस, तेवढंच.
गरम हवेचा झोत दिला, तेव्हा दुकानभर
वंगणाचा नाही, नुसत्या धुळीचा वास सुटला
आणि मला शंका आली.

तिने फोन लावला. पलीकडे क्रेनची घरघर, समुद्रपक्षी.
"बसवताना आट्यांना ग्रीस लावलं होतंस?"
बराच वेळ नुसते पक्षी.
"कसलं ग्रीस?"

तर असं आहे, योरिंड,
हे कुणी पान्याने आवळलेलं नाही.
पायडलवरचा एकेक दाब याला केसभर आत ढकलतो.
खेरार्ड्सबर्गेनचा दगडी चढ यात आहे,
सिग्नल सुटल्याबरोबर हाणलेली पहिली लाथ आहे,
आईशी भांडून निघाला असेल एखाद्या संध्याकाळी, तीही.
मला त्यातलं काही माहीत नाही,
फक्त बेरीज दिसते.
"भांडून नाही," ती म्हणाली. "पैसे मागून."
मिळाले?
"नाही."
मग तर फारच घट्ट बसलं असणार.

शेवटी तो उपाय, जो मी गिऱ्हाइकासमोर करत नाही.
चाक परत फ्रेममध्ये बसवलं.
जुनी साखळी स्प्रॉकेटवर गुंडाळून
तळाच्या नळीला वेढा दिला,
मध्ये माझा मफलर, रंग खरवडू नये म्हणून.
आता स्प्रॉकेट बांधलेलं, चाक मोकळं.
"मागे ओढू?"
नाही, पुढे. रस्त्यावर जातं तसंच.
दाते अडवायचे, तुंबा जाऊ द्यायचा.
वानेस पाय आवळून सायकल थांबवायचा ना,
तेव्हा रोज हेच व्हायला बघत होतं;
लॉकरिंग दार अडवून उभी असायची.

तिने टायर दोन्ही हातांनी धरला.
मी फ्रेम.
एक ट्राम गेली, काच थरथरली, दुसरी गेली.
भिंतीला पाय लाव, म्हणालो.

टक्.

एवढासाच आवाज. तिला वाटलं काहीतरी मोडलं.
मलाही.

मग ते बोटांनी फिरत आलं, बरणीच्या झाकणासारखं.
आतले आटे चकचकीत, सहा वर्षं उजेड न पाहिलेले.
पंधरा दाते, सगळे एकाच बाजूला कललेले.
तिने ते माझ्या एप्रनला पुसून खिशात टाकलं.
त्याला पाठवणार का, मी विचारलं नाही.

नवं अठराचं. "गुडघे माझे आहेत," ती म्हणाली.
ग्रीस तिलाच लावायला दिलं. जरा जास्तच लावलं. असू दे.
"किती आवळू?"
हाताला जमेल तेवढं. उरलेलं तुझे पाय आवळतील.
पुलापर्यंत जा, चढावर उभी राहून मार,
थांबायचं तर पुढच्या ब्रेकने, पायांनी नाही.
मग परत ये, लॉकरिंग तेव्हा कसू.

पाना हातात घेऊन मी दारात.
पूल चार मिनिटांवर. बारा होऊन गेली.
कॉफी दोनदा गरम केली.

बाकावर तिचा राहिलेला फोन वाजतो.
"निघालं का?"
निघालं.
पुन्हा नुसते पक्षी.
"कुठल्या बाजूने फिरवलंत?"
थांब, मी म्हणतो, ती येतेय,
तिलाच विचार.